फरकात न धरायच्या ओळी

“पप्पा, ही यादी कसली आहे?” प्रियंकाने विचारलं तेव्हा मी गॅलरीत दोरीवरचे वाळलेले शर्ट काढत होतो. तिने त्या यादीतला पहिला शब्द मोठ्याने वाचला तरी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. विहीर, ती म्हणाली. मग विहिरी. मग ढोर. मग ओंजळ, दुरून, दीक्षा. वर्गात हजेरी घेतात तशी ती एका सुरात वाचत गेली, आणि तिसऱ्या-चौथ्या शब्दाला माझ्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हातातल्या शर्टाची मी घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. शनिवार होता, दुपारचे तीन वाजत आले होते. बायको बँकेच्या ट्रेनिंगला नाशिकला गेली होती आणि आतल्या खोलीत माझे वडील कॉटवर पडले होते. त्यांना सगळं घर अण्णा म्हणतं. अण्णांचे डोळे गेल्यात जमा आहेत, कान मात्र शाबूत. त्यामुळे माझ्या मनात मुलीला काय सांगायचं हे आधी आलंच नाही, आधी आलं ते हे, की अण्णांच्या खोलीचं दार उघडं आहे का. असा मी आहे.

झालं होतं एवढंच. प्रियंकाचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला, म्हणून ती माझा घेऊन बसली होती. कॉलेजच्या प्रकल्पासाठी ती मुलुंड-भांडुपमधल्या बुजवलेल्या विहिरींवर लिहीत होती. तिच्या बाईंनी दुरुस्त्या सांगितल्या होत्या, आणि जुना खर्डा नि नवा खर्डा शेजारी शेजारी लावून काय काय बदललं ते तिला बघायचं होतं. लिहिण्यासाठी मी जे सॉफ्टवेअर, म्हणजे एडिटर, वापरतो त्यात तशी सोय आहे. दोन फायली दोन बाजूंना उघडतात, आणि जिथे फरक असेल तिथे डावीकडे लाल, उजवीकडे हिरवी पट्टी येते. एका विहिरीबद्दलचं वाक्य तिने त्याच सकाळी मुळापासून बदललं होतं, आणि पडद्यावर त्या वाक्याला ना लाल ना हिरवं. एडिटरच्या मते तिथे काही बदललंच नव्हतं. दुसरी कुणी असती तर लॅपटॉपला शिव्या घालून गप्प बसली असती. पण ही माझी मुलगी. ती सेटिंगमध्ये शिरली, तुलनेच्या पानावर गेली, आणि ‘हे शब्द असलेल्या ओळी फरकात धरू नका’ असं सांगायची जी चौकट असते, तिच्यात तिला ती यादी सापडली. एकवीस शब्द, सगळे मी टाइप केलेले.

ही चौकट मला जितकी माहीत आहे तितकी पवईच्या आमच्या ऑफिसात कुणाला माहीत नाही. आमची कंपनी हॉस्पिटलांसाठी सॉफ्टवेअर बनवते आणि मी त्या सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहितो. दर दोन-तीन महिन्यांनी नवी आवृत्ती निघते, आणि चारशे पानांत नेमकं काय बदललं ते काढून दाखवणं हे माझं काम. नुसती तुलना लावली तर सगळा पडदा रंगून निघतो. कुठे एक जादा जागा सुटलेली, कुठे तारीख, कुठे आवृत्तीचा आकडा. म्हणून सेटिंग. कोरी जागा धरू नको म्हणून सांगायचं, तारखेच्या ओळी धरू नको म्हणून सांगायचं, जिथे बदल नाही तो भाग मिटून ठेवायचा, आणि बदलाच्या वर-खाली किती ओळी उघड्या राहू द्यायच्या तो आकडा भरायचा. नवीन मुलं आली की त्यांना हे मीच शिकवतो. शिकवताना एक वाक्य मी नेहमी म्हणतो, की काय बघायचं नाही ते आधी ठरवा, म्हणजे बघायचं ते दिसेल. मुलं ते वहीत लिहून घेतात. आमचा टीमलीड मिहिर एकदा सगळ्यांसमोर म्हणाला होता की ह्या माणसाच्या नजरेतून काही सुटत नाही, आणि त्या दिवशी मी घरी येऊन ते बायकोला दोनदा सांगितलं होतं.

अण्णांनी आयुष्यभर हेच काम केलं, फक्त तोंडाने. घाटकोपरला एका छापखान्यात ते कॉपीहोल्डर होते. तो धंदा आता उरला नाही, त्यामुळे सांगायला हवं. प्रूफरीडर छापलेला कागद पुढ्यात घेऊन बसायचा, आणि त्याच्यासमोर स्टुलावर बसून अण्णा मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचायचे. स्वल्पविराम, पूर्णविराम, अवतरण सुरू, अवतरण बंद, नवा परिच्छेद, सगळं म्हणून. दिवसाचे आठ तास, एकतीस वर्षं. लोकांच्या कादंबऱ्या, लोकांच्या लग्नपत्रिका, कायद्याची पुस्तकं, शाळांचे वार्षिक अंक. घरी जेवतानासुद्धा कधी कधी ते “आमटीत मीठ कमी, पूर्णविराम” म्हणायचे आणि आई पदर तोंडाला लावून हसायची. आईचं नाव कमल. ती जाऊन सात वर्षं झाली. ती गेल्यावर अण्णांनी स्वतःचं लिहायला घेतलं आणि शंभर पानी चार वह्या भरल्या. चौथी संपता संपता त्यांना नजरेच्या मधलं दिसेनासं झालं. कडेचं दिसतं, समोरचं नाही. कुणाचा चेहरा बघायचा तर त्यांना मान वळवून दुसरीकडे बघावं लागतं. वह्यांचं पुस्तक करायचं ठरलं, त्यांच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, तीनशे प्रती. टाइप मी करणार. अण्णांची अट एकच, छापखान्यातली. मूळ मजकूर जसाच्या तसा एका फायलीत ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही. दुरुस्त्या दुसऱ्या फायलीत करायच्या. आणि छापायला देण्याआधी दोन्हींतला एकूण एक फरक त्यांना वाचून दाखवायचा. वाचणार प्रियंका, कारण तिचं वाचणं स्वच्छ आहे.

सुरुवातीला मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघत होतो. मग विहिरीचं पान आलं. अण्णांनी लिहिलं होतं, “पाटलांच्या विहिरीवर आम्ही चढायचं नाही. आई घागर खाली ठेवून उभी राहायची, कुणाला दया आली तर पाणी मिळायचं. मी ओंजळ धरायचो तेव्हा ओतणारीचा हात इतका वर असायचा की निम्मं पाणी माझ्या छातीवर सांडायचं.” हे टाइप करताना मला रडू आलं, ते खोटं नव्हतं. रडून झाल्यावर मी चहा केला, आणि चहा पिताना माझ्या डोळ्यांसमोर आमच्या सोसायटीचे चेअरमन कुंडलिकराव आले, झोपाळ्यावर बसून हे पान वाचणारे. सोसायटीच्या वाचनालयासाठी त्यांनी पाच प्रती आधीच मागून ठेवल्या होत्या. सतरा वर्षं आम्ही ह्या इमारतीत राहतो. आमचं आडनाव गायकवाड. ते दोन्हीकडे चालतं, आणि आम्ही कुठल्या बाजूचे हे मी कुणाला कधी सांगितलं नव्हतं. गाव विचारलं तर सातारा जिल्हा म्हणायचो आणि बोलणं कंदी पेढ्यांवर न्यायचो. बुद्धपौर्णिमेला आम्ही घाटकोपरला आत्याकडे जायचो, आणि खाली वॉचमनने विचारलं तर नातेवाइकांकडे पूजा आहे म्हणून सांगायचो. मी कधी खोटं बोललो नाही, फक्त न विचारलेलं सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत आलो. त्या दिवशी दुसऱ्या फायलीत मी ती तिन्ही वाक्यं काढून लिहिलं, “विहीर घरापासून लांब होती.” फार सोपं गेलं. वाक्यही बरं दिसत होतं. त्यानंतर आजीने मेलेलं ढोर ओढून नेल्याचा परिच्छेद गेला. आजोबा दीक्षा घेऊन परत आले आणि घरातले देव टोपलीत भरून नदीवर घेऊन गेले, तो गेला. मुलुंडला खोली शोधताना घरमालकाने आधी गाव, मग आडनाव, मग गावात घर कुठल्या अंगाला असं विचारत विचारत शेवटी खोली आधीच गेल्याचं सांगितलं, तो गेला. सहा महिन्यांत एकेचाळीस जागा. दर वेळी मी मनाशी म्हणायचो की पुस्तक सुटसुटीत होतंय, प्रियंकाचं पुढे लग्न आहे, अण्णांना ह्या वयात लोकांच्या नजरा कशाला. सगळी कारणं चांगली होती आणि त्यातलं एकही खरं नव्हतं.

मागच्या रविवारी वाचन झालं. आदल्या शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर येऊन ती यादी केली. कापलेल्या प्रत्येक परिच्छेदातून एक शब्द निवडायचा, असा की तो त्या जागेला, आणि जमलं तर आणखी एक-दोन जागांना, पुरता झाकेल. विहीर लिहिलं आणि लक्षात आलं की अण्णा कुठे विहिरीवर म्हणतात, कुठे विहिरीचं, म्हणून विहिरीसुद्धा टाकलं. कामात मी चोख आहे. बदल नसलेला भाग सगळा मिटवला, वर-खाली दाखवायच्या ओळींचा आकडा शून्यावर आणला, म्हणजे वाचणारीची नजर चुकूनही शेजारच्या ओळीवर जाऊ नये. मग चालवून बघितलं. एकशे बारा फरक आले, सगळे स्वल्पविराम आणि वेलांट्या. रविवारी अण्णा अंघोळ करून, पांढरा सदरा घालून हॉलमधल्या खुर्चीत येऊन बसले. प्रियंका आधी मूळ वाचायची, मग दुरुस्त केलेलं, आणि अण्णा “हं, पुढे” म्हणायचे. एकशे बारा वेळा म्हणाले. आई गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका खुललेला मी पाहिला नव्हता. सगळं संपल्यावर त्यांनी माझ्या दिशेने हात जोडले, थट्टेत, पण खरोखरच जोडले, आणि म्हणाले की एवढा स्वच्छ हात छापखान्यातसुद्धा नव्हता कुणाचा. मी पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात गेलो आणि फ्रीजचं दार उघडून त्या गारव्यात उभा राहिलो. छापखान्याला शेवटची फाइल ह्या शनिवारी संध्याकाळी सातपर्यंत द्यायची होती. त्यानंतर आठ दिवसांनी, रविवारी, घाटकोपरला छोटा समारंभ. अण्णा स्वतःच्या हाताने एकेकाला पुस्तक देणार होते. भाऊरावांना, ज्यांच्यासमोर स्टुलावर बसून त्यांनी एकतीस वर्षं वाचलं, आणि गावाहून येणाऱ्या अंबादासला. अंबादास म्हणजे त्या विहिरीपाशी त्यांच्या शेजारी ओंजळ धरून उभा असलेला दुसरा मुलगा. त्याच्या हातात अण्णा जे पुस्तक देणार होते त्यात छापलेलं असणार होतं की विहीर घरापासून लांब होती, आणि ते तसं छापलंय हे देणाऱ्याला ठाऊक नसणार होतं. आठवडाभर मी हे चित्र बघत होतो. बघून काही केलं मात्र नाही.

“ऑफिसचं आहे ते,” मी गॅलरीतून म्हणालो.  प्रियंकाने विचारलं की ऑफिसच्या कामात ओंजळ कशाला लागते. आवाज चढलेला नव्हता. ती चढवून बोलली असती तर मला बरं झालं असतं, मीही चढवला असता, माझ्या लॅपटॉपमध्ये शिरायचं तुला काय कारण, वगैरे, आणि दहा मिनिटांत सगळं भांडणावर गेलं असतं. ती यादी पुन्हा वाचत होती, आता मनातल्या मनात. तिचे ओठ हलत होते, आणि ती कितव्या शब्दावर आली ते मला ओठांवरून कळत होतं. खोली. टोपली. नदी. शेवटच्या शब्दाशी ती थांबली. मघाशी मी म्हटलं की विहिरीच्या पानापासून सुरुवात झाली. ते खरं नाही. हे सांगायला बसलो तरी माझी खोड जात नाही. सगळ्यात आधी मी जे कापलं ते तिसऱ्या वहीतलं होतं. टाइप करायला घेतलं त्याच आठवड्यात वह्या नुसत्या चाळताना ते मला सापडलं, आणि मी ते आधी काढून टाकलं. बाकीचं सगळं नंतर. तो परिच्छेद झाकायला मला दुसरा शब्द सुचला नाही, म्हणून यादीच्या शेवटी तो तसा टाकावा लागला.

“चैतन्य,” प्रियंकाने वाचलं. “पप्पा, ह्यात तुझं नाव आहे.”

मी आत आलो. शर्टांचा गठ्ठा सोफ्यावर ठेवला. तिने माझ्याकडे न बघता चौकटीतले एकवीसही शब्द निवडले, एकदम पुसले, आणि मग अण्णांच्या दोन्ही फायली तिने स्वतःच शोधून शेजारी शेजारी लावल्या. पडदा डावीकडून लाल झाला. वरपासून खालपर्यंत, सरकवावं तिथे लाल, मोठाले परिच्छेद, आणि उजवीकडे त्यांच्यासमोर एखादी हिरवी ओळ किंवा नुसती मोकळी जागा. असं एकत्र मीही ते कधी बघितलं नव्हतं. एक-एक कापताना एक-एकच दिसायचं. प्रियंकाने काही वाचलं नाही, नुसतं सरकवत राहिली, आणि मी तिच्या मागे उभा राहून खिशातल्या मोबाइलवर बोटं फिरवत होतो. फाइल मोबाइलमध्येही होती. आत्ता पाठवली तर साडेतीनला छापखान्यात पोचेल, मशीनवर चढेल, मग कुणी काही म्हटलं तरी उशीर झाला म्हणता येईल. हा विचार मी केला. मुलीच्या मागे उभं राहून केला. तिने मान न वळवता विचारलं, “आजोबांना तू सांगतोस की मी सांगू?”

अण्णा जागे होते. त्यांनी पावलांवरून मला ओळखलं आणि मान भिंतीकडे वळवली, म्हणजे ते माझा चेहरा बघत होते. मी कॉटच्या पायथ्याशी उभा राहिलो. डोक्यात बरीच वाक्यं होती, पुस्तक सुटसुटीत, लोकांच्या नजरा, पण त्या खोलीत ती तोंडातून बाहेर येईनात. मी म्हटलं की अण्णा, मी तुमच्या वह्यांतला मजकूर काढलाय, तुम्हाला न सांगता, आणि रविवारी तो तुमच्या कानावर येऊ नये अशी तजवीज केली होती. त्यांनी का असं विचारलं नाही. त्यांनी विचारलं, “किती जागा?” मी आकडा सांगितला. ते उठून बसले, पायाने चपला चाचपल्या, भिंतीला हात लावत हॉलमध्ये गेले आणि त्याच खुर्चीत बसले. अंगात बनियन होतं, सदरा घालायचं त्यांना सुचलं नाही की त्यांनी मुद्दाम घातला नाही, मला कळलं नाही. छापखान्यात फोन करून थांबायला सांगायला त्यांनी मला सांगितलं. मी केला. मग ते म्हणाले, “प्रियंका, वाच.”

तिने वाचायचं आणि मी कळ दाबायची, असं आपोआप ठरलं. डावीकडचा मजकूर उजवीकडे ओढून घ्यायला एक कळ असते. दाबली की लाल पट्टी जाते, दोन्ही बाजू सारख्या होतात. प्रियंकाने विहिरीचा परिच्छेद वाचला. ते शब्द तिच्या तोंडून ऐकताना मी तिच्याकडे बघू शकत नव्हतो. वीस वर्षांची मुलगी, मुलुंडच्या विहिरींवर लिहिणारी, आणि तिच्या पणजीची विहीर मी तिच्यापासून लपवली होती. घरात ह्याबद्दल बोलणं झालं नव्हतं असं नाही, पण ते वर्तमानपत्रातल्यासारखं, समाजात असं असं होतं, या पद्धतीचं. तिच्या आजोबांच्या छातीवर सांडलेलं पाणी तिला कुणी सांगितलं नव्हतं.  मग तिने त्याच्यासमोरची माझी हिरवी ओळ वाचली. अण्णांनी ती पुन्हा वाचायला सांगितली. तिने पुन्हा वाचली. “लांब नव्हती,” अण्णा म्हणाले. “हाकेच्या अंतरावर होती.” एवढंच. मी कळ दाबली. ढोराचा परिच्छेद आला, नदीचा आला, खोलीचा आला. अण्णा ऐकायचे, मान हलवायचे, मी कळ दाबायचो. त्यांनी एकदाही मला बोल लावला नाही, आणि मला वाटत होतं त्यांनी लावावा. भाऊरावांसमोर एवढी वर्षं ते असेच बसले असतील, चूक सापडली की खूण करून पुढे. कुणाची चूक, का झाली, हे त्यांनी विचारायचं नसतंच. मध्ये एकदा प्रियंका उठली आणि चहा करून आणला. आम्ही तिघांनी तो प्यायला. साडेपाच वाजले असतील. खाली सोसायटीतली मुलं क्रिकेट खेळायला लागली होती, आणि पंखा मोठा केला तर वाचलेलं ऐकू येत नव्हतं म्हणून तो एकवर ठेवला होता. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. चाळीस झाले, तिसऱ्या वहीतली ती एक जागा उरली; चौथीत मी काही कापलं नव्हतं. मला आशा होती की प्रियंका म्हणेल बाकीचं नंतर बघू. ती म्हणाली नाही.

तिने वाचलं, “आमच्याकडे एका शाळेच्या वार्षिक अंकाचं काम आलं होतं. चैतन्य त्या शाळेत सहावीत होता. प्रुफं पोचवायला मला पाठवा असं मी मालकांना मुद्दाम म्हणालो. हेडमास्तरांची खोली सापडेना म्हणून एका वर्गाच्या दारात थांबलो. बाईंनी खोली दाखवायला एका मुलाला माझ्याबरोबर दिलं. तो चैतन्यच होता. व्हरांड्यात पुढे चालत तो मला म्हणाला, या काका, इकडून. मी म्हणालो, बरं, बाळ.”

त्या व्हरांड्याची फरशी मला आजही पायाखाली जाणवते. वर्गात मी सांगितलं होतं की माझे वडील संपादक आहेत, पुस्तकं काढतात. दारात अण्णा उभे राहिले, खांद्यावर सुतळीने बांधलेला कागदांचा गठ्ठा, बाहीला शाई, आणि मला बघून त्यांचा चेहरा असा फुलला की पुढच्या क्षणी ते हाक मारणार हे मला दिसलं. म्हणून बाईंनी कोण जातो विचारल्याबरोबर मी उठलो. सगळ्यांत आधी उठलो. वर्गाच्या खिडक्या संपेपर्यंत चालायचं होतं, आणि पहिल्याच खिडकीपाशी, आतल्या मुलांना ऐकू जाईल असं, मी त्यांना काका म्हटलं. ते दोन पावलं मागून येत होते. थांबले नाहीत. बरं बाळ म्हणाले, अगदी परक्या मुलाशी बोलावं तसं, आणि हेडमास्तरांच्या दाराशी पोचल्यावर त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवायला उचलला आणि परत घेतला. रात्री जेवताना आईने विचारलं, शाळेत गेला होता ना, चैतन्य दिसला का. अण्णा म्हणाले, वर्ग चालू होता.

प्रियंका पडद्याकडे बघत होती. माझ्याकडे बघायचं नाही म्हणून बघत होती. अण्णांनी घसा साफ केला. म्हणाले की हा परिच्छेद राहू दे, पण तो अपुरा आहे, खाली एक वाक्य घालायचं राहून गेलंय. “लिही,” ते मला म्हणाले. “शाळेत घालताना मीच त्याला बजावलं होतं, की मी कुठे शाळेत दिसलो तर ओळख दाखवू नकोस. तो माझंच ऐकत होता.”

सांगितलं की टाइप करायचं ही माझ्या बोटांची सवय. ‘बजावलं होतं’पर्यंत मी टाइप केलंसुद्धा. मग बोटं थांबली. अण्णांनी मला असलं काही कधीच सांगितलं नव्हतं. शाळेत घालायला ते मला घेऊन गेले तो दिवस मला स्पष्ट आठवतो. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं तेव्हा माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी नाव, गाव, धर्म, सगळं रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं सांगितलं, आणि मग मला म्हणाले, आता तू सांग. मी सांगितलं होतं, खणखणीत. सहा वर्षांचा होतो. पुढच्या पाच वर्षांत मी जे शिकलो ते माझं मी शिकलो. आणि आता हा माणूस, एक वेलांटी इकडची तिकडे होऊ नये म्हणून एकतीस वर्षं घसा सुकवलेला, स्वतःच्या हातच्या एकुलत्या एका पुस्तकात एक धडधडीत खोटं वाक्य घालून घेत होता, माझ्या मुलीला माझा चेहरा बघता यावा म्हणून. एकेचाळीस जागा कापताना मला जी लाज वाटली नव्हती ती मला त्या वेळी वाटली. 

“अण्णा, तुम्ही असं कधी सांगितलं नव्हतं,” मी म्हणालो.

“माझं पुस्तक आहे,” अण्णा म्हणाले. “मी सांगतो ते घाल.”

मी अर्धं वाक्य खोडलं. मग प्रियंकाकडे वळलो. तिचे डोळे भरले होते आणि ती मला बघू देत नव्हती. मी तिला म्हणालो, “आजोबांनी मला काही शिकवलं नव्हतं. मला त्यांची लाज वाटली म्हणून मी त्यांना काका म्हटलं. अकरा वर्षांचा होतो, आणि मी काय करतोय ते मला कळत होतं.”

 खाली कुणाचा तरी चेंडू पत्र्यावर आदळला.  मग अण्णा प्रियंकाला म्हणाले, “आत्ता तो जे बोलला ते परिच्छेदाच्या खाली घाल. लाज वाटली, तिथपासून, तो बोलला तसंच. आणि शेवटी त्याचं नाव.”

मी लॅपटॉप तिच्याकडे सरकवला. तिने तळहाताने डोळे पुसले, टाइप केलं, आणि आजोबांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली, “मला त्यांची लाज वाटली.”